दौलतगंज, डावी बाजू

काठीच्या टोकाला चाक, वर आकड्यांची डबी.
दर मीटरला एक टिक वाजते.
गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र,
त्यावरच्या फोटोत मी माझीच थोरली बहीण दिसते.

फॉर्मात सतरा रकाने.
पदपथाची रुंदी, उंची, सावली,
रात्री दिवा लागतो का.
अकरावा रकाना:
चालणाऱ्याला किती वेळा खाली उतरावं लागलं.
त्यात एकाच आकड्यापुरती जागा.

बाड्याकडे तोंड करून सकाळी नवाला निघाले.
पहिल्या अठरा मीटरमध्ये
उभी करून ठेवलेली खाट, रजयांची चवड,
गटाराची फरशी गेली तिथे
कुणीतरी खुणेला खोचलेली कडुनिंबाची फांदी,
आणि पदपथ तुटतो तिथली पायरी,
बेचाळीस सेंटिमीटर.
गुडघ्याला विचारून लिहिलं: चढता येते.
गुडघा सव्वीस वर्षांचा आहे,
हे लिहायला रकाना नव्हता.

एकोणिसाव्या मीटरला रजईवाल्याने अडवलं.
"क्या नाप रही हो, बहनजी?"
सुई हातात तशीच, दोरा लोंबणारा.
पैदल चलना, मी म्हटलं.
तो हसला नाही.
इथे मोजायला कुणी आलं की मागून यंत्र येतं,
हे त्याला वडिलांपासून ठाऊक.
"तोड़ेंगे?"
तोडणार नाही हो, नुसतं लिहिणार.
"लिखते ही तो पहले हैं,"
आणि त्याने आत पोराला हाक मारली.

मग सुरू झालं.
खाट आत. रजया आत.
माझ्यापुढे बातमी चालत गेली,
तिला कुठेच खाली उतरावं लागलं नाही.
स्टीलचे डबे, गजकच्या पराती,
कमरेत धरून आत नेलेले साडीच्या दुकानाचे पुतळे,
एक स्कूटर, जिचा मालक म्हणे भिंडला गेलाय,
चौघांनी उचलून गल्लीत ठेवली.
आणि साठाव्या मीटरपासून पुढे
पदपथ!
लाल फरश्या. फरशांवर नक्षी,
चार पाकळ्या, मध्ये ठिपका.
आईचं बोट धरून या बाजारात यायचे तेव्हापासून
मी वाहनांचे आरसे चुकवत आलेय,
पाकळ्या कधी पाहिल्या नव्हत्या.

मागे कुणीतरी चालत होतं.
डोळ्यावर हिरवा पडदा, मोतीबिंदूचा ताजा,
हातात औषधांची पिशवी.
माझ्या चाकामागे दोन पावलं, अंतर राखून.
"थांबू नका," त्या सरळ मराठीत म्हणाल्या.
कसं ओळखलंत?
"तुमच्या हिंदीवरून."

पद्मा शितोळे. कंपूच्या इस्पितळातून
रिक्षा न करता निघालेल्या,
कारण रिक्षावाला साठ म्हणाला
आणि डॉक्टर म्हणाले, थोडं चाला.
"कुठे चाला, ते त्यांनी चिठ्ठीत लिहिलं नाही."
मी हळू केलं, त्यांनी हळू केलं.
टिक. टिक.
त्या टिकेवर पाऊल टाकत होत्या,
डोळा मिटलेला, मान ताठ.
त्यांच्या मागे चहाची किटली घेतलेला मुलगा,
त्याच्या मागे खांद्यावर पोर घेतलेला कुणी,
आणि त्याची पाठ वळते न वळते तोच
रजया पुन्हा बाहेर.

चौकात त्यांनी विचारलं, "उद्या?"
उद्या जिन्सी नाला.
"मग परवा या. लिहू नका काही.
नुसतं चाक घेऊन या."

संध्याकाळी अकरावा रकाना.
आम्ही दोघी एकदाही उतरलो नाही.
शून्य लिहिलं, खोडलं,
सात लिहिलं, तेही मनाचं.
शेऱ्याच्या अर्ध्या ओळीत लिहिलं:
पदपथ आहे. लाल. नक्षी आहे.

सर म्हणाले, शेरा राहू दे,
नकाशात दोनशे मीटर आहेत,
तुझे एकशे अठ्ठ्याऐंशी.
बारा कुठे गेले?

मी चाक उलटं केलं.
आसाभोवती घट्ट गुंडाळलेला
रजईचा कापूस.